टाळी त्यांची, बिदागी दुसऱ्याची

गेल्या नाताळात आमच्या धर्मग्रामाच्या सभागृहात तरुण मंडळींनी एक नाटिका सादर केली. गोठ्याच्या देखाव्यापूर्वी लोकांना थोडे हसवावे, म्हणून तीत बाजाराचा एक प्रवेश घातला होता. त्या प्रवेशात आमच्याच एका मुलाने हिरवी साडी नेसून, गालांना लाली फासून, टाळ्या पिटत दुकानदाराकडे पैसे मागण्याची नक्कल केली. सभागृहात हशा मावेनासा झाला. पहिल्या रांगेतल्या खुर्चीवर मी बसलो होतो. मीही हसलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मिस्सा आटोपल्यावर एक माउली दाराशी येऊन उभी राहिली. तिचे थोरले लेकरू सहा वर्षांपूर्वी घर सोडून गेले. मुलगा म्हणून वाढलेले ते लेकरू आज साडी नेसते, दुसऱ्या नावाने ओळखले जाते आणि पुण्यात आपल्या गुरूच्या आश्रयाने राहते. गावात हे सर्वांना ठाऊक आहे. बोलत मात्र कोणी नाही. ती माउली रडली नाही, भांडलीही नाही. "फादर, पोरं हसली त्याचं काय नाही, पण तुमी बी हसलात," एवढेच बोलून ती निघून गेली.

हा विषय मी पॅरिश कौन्सिलच्या बैठकीत काढला, तेव्हा एका ज्येष्ठ सभासदांनी माझी समजूत घातली. ते म्हणाले, "फादर, विनोद विनोदाच्या जागी असतो. सिनेमात, टीव्हीवर हेच तर चालते. आपण एवढे मनाला लावून घेऊ नये." हे गृहस्थ सज्जन आहेत, चर्चच्या कामात सदैव पुढे असतात, म्हणूनच त्यांना उत्तर देणे अगत्याचे आहे. 'सिनेमात हेच चालते' हे त्यांचे म्हणणे खरे आहे. पण ते का चालते, कोणी चालवले आणि त्यात कोणाचे पोट भरले व कोणाचे रिकामे राहिले, हे प्रश्न आपण कधी विचारतो का? ते विचारण्यासाठीच हा लेखप्रपंच.

प्रथम थोडा इतिहास. आपला हा जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात मोडत होता. त्या संस्थानात १९१९ साली तृतीयपंथीयांविषयी एक कायदा झाला. त्यांची नावे सरकारी नोंदवहीत चढवावीत, अशी त्यात तरतूद होती. नोंद झालेली व्यक्ती स्त्रीवेषात रस्त्यावर आढळली, किंवा तिने सार्वजनिक जागी नाच केला, वाद्य वाजवले, करमणुकीच्या कार्यक्रमात भाग घेतला, तर तिला वॉरंटाविना पकडून दोन वर्षांपर्यंत तुरुंगात टाकता येई. इंग्रजांच्या १८७१ सालच्या गुन्हेगार जमाती कायद्यातही अशीच कलमे होती. निजामाच्या अमदानीतला हा कायदा तेलंगण उच्च न्यायालयाने घटनाबाह्य ठरवला तो २०२३ च्या जुलै महिन्यात. म्हणजे जवळजवळ एकशेचार वर्षे तो कागदावर जिवंत होता.

आता दुसरी बाजू पाहा. त्याच १९१९ साली मराठी रंगभूमीवर गडकऱ्यांचा 'एकच प्याला' आला आणि बालगंधर्व सिंधू झाले. पुरुषाच्या देहाने साकारलेल्या त्या सिंधूसाठी महाराष्ट्र रडला. त्या नटश्रेष्ठाला पुढे पद्मभूषण मिळाले आणि ते योग्यच झाले. त्यांच्या कलेविषयी माझ्या मनात आदरच आहे. मला दाखवायची आहे ती विसंगती. एका मुलखात शालू नेसून गाणाऱ्या पुरुषावर शाली पांघरल्या जात होत्या आणि शेजारच्या मुलखात साडी नेसून गाणाऱ्या माणसासाठी तुरुंगाचे दार उघडे होते. दोघांत फरक एवढाच, की एकाचा साज नाटक संपल्यावर उतरत असे, दुसऱ्याचा उतरत नसे. जे सोंग होते त्याला समाजाने कला म्हटले. जे जगणे होते त्याला गुन्हा ठरवले.

ज्यांना रंगमंचावर उभे राहण्याचीच बंदी होती, त्यांची भूमिका मग इतरांनी करणे ओघाने आले. आणि इतरांनी ती कशी केली? तमाशापटांतला 'नाच्या' आठवा. गणपत पाटील ह्यांच्यासारख्या गुणी नटाला त्या एकाच साच्यात आयुष्य काढावे लागले. पडद्यावरच्या त्या हातवाऱ्यांनी त्यांच्या इतर गुणांवर पडदा पडला. चेष्टेने नटालाही सोडले नाही, मग ज्यांची ती चेष्टा होती त्यांचे काय झाले असेल? पुढे १९९१ साली 'सडक' हा हिंदी चित्रपट आला. त्यातली 'महाराणी' आमच्या शेजारच्या नगर जिल्ह्याचे सदाशिव अमरापूरकर ह्यांनी उभी केली. कामगिरी भेदक होती. त्यांना खलनायकाचा फिल्मफेअर पुरस्कारही मिळाला. पण त्या एका भूमिकेने 'टाळी वाजवणारे माणूस म्हणजे मुलींचा बाजार मांडणारे क्रूर माणूस' हे समीकरण किती घरांत नेऊन पोहोचवले, ह्याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही. एक तर हसवणारे, नाही तर भिववणारे! ह्या दोन खोल्यांपलीकडे तृतीयपंथी पात्राला आपल्या पडद्याने बराच काळ तिसरी खोली दिली नाही.

ती तिसरी खोली पुढे मिळाली. तिचे नाव करुणा. 'जोगवा' ह्या मराठी चित्रपटाने देवीला वाहिलेल्या जोगत्या-जोगतिणींची वेदना मांडली. उपेंद्र लिमये ह्यांना त्या भूमिकेसाठी उत्कृष्ट अभिनेत्याचा राष्ट्रीय पुरस्कार लाभला. आपला धाराशिव जिल्हा म्हणजे तुळजापूरच्या भवानीचा आणि येरमाळ्याच्या येडेश्वरीचा मुलूख. आराधी, गोंधळी आणि जोगती आपल्याला पुस्तकातून माहीत झालेले नाहीत. आपण त्यांना एस.टी. स्टँडवर, आठवडी बाजारात पाहतो. त्यामुळे 'जोगवा' पाहताना माझे डोळे पाणावले, हे मी प्रामाणिकपणे सांगतो. तरीही एक प्रश्न मनात उरलाच. ज्यांच्या दुःखावर आपण रडलो, त्यांच्यापैकी किती जणांना त्या दुःखाच्या कथेत बोलायला मिळाले?

हा प्रश्न आता त्या समाजातल्याच काही व्यक्ती विचारू लागल्या आहेत. त्यांचा प्रवास आपल्या वाचकांना ठाऊक असावा, म्हणून थोडक्यात सांगतो.

ठाण्याच्या लक्ष्मीनारायण त्रिपाठी ह्या मूळच्या भरतनाट्यम् नर्तकी. २०११ साली त्या 'बिग बॉस' ह्या कार्यक्रमात आल्या आणि कोट्यवधी घरांनी एका तृतीयपंथी व्यक्तीला प्रथमच जेवताना, रागावताना, विनोद करताना, म्हणजे साध्या माणसासारखे जगताना पाहिले. २०१२ मध्ये त्यांचे 'मी हिजडा, मी लक्ष्मी!' हे आत्मकथन मराठीत प्रसिद्ध झाले. दुसऱ्या गौरी सावंत. पुण्यात जन्मलेल्या, तरुणपणी घर सुटलेल्या, मुंबईत 'सखी चार चौघी' ह्या संस्थेद्वारे आपल्या समाजासाठी झटणाऱ्या. सर्वोच्च न्यायालयाने १५ एप्रिल २०१४ रोजी तृतीयपंथीयांची स्वतंत्र ओळख मान्य केली. त्या लढ्यात न्यायालयाचे दार ठोठावणाऱ्यांत ह्या दोघीही होत्या. २०१७ साली एका औषधाच्या जाहिरातीत गौरीताईंनी स्वतःचीच भूमिका केली: आईविना राहिलेल्या मुलीला पोटाशी धरणारी आई. दिग्दर्शक होते नीरज घायवान. अवघ्या काही मिनिटांच्या त्या जाहिरातीने जे साधले, ते अनेक मोठ्या चित्रपटांना साधलेले नाही, कारण त्यात आई कोणी उसनी आणलेली नव्हती.

आणि तिसरे नाव आमच्या भागातल्या मालिका पाहणाऱ्या घरांना अधिक ओळखीचे असेल. गंगा ह्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या प्रणित हाटे. झी युवा वाहिनीच्या 'युवा डान्सिंग क्वीन' ह्या नृत्यस्पर्धेत त्या आल्या आणि नंतर २०२०-२१ मध्ये झी मराठीवरच्या 'कारभारी लयभारी' ह्या मालिकेत त्यांनी तृतीयपंथी गंगाची भूमिका केली. मराठीच्या दैनंदिन मालिकेत तृतीयपंथी पात्र तृतीयपंथी अभिनेत्रीने साकारावे, ही घटना लहान नव्हे. चित्रपटगृहात माणूस तिकीट काढून जातो; मालिका मात्र देवघराशेजारच्या खोलीत, भाकरी थापण्याच्या वेळी, आजी आणि नातू एकत्र बसलेले असताना घरात येते. तिथे गंगा आली आणि घरे काही कोसळली नाहीत.

पण एका मालिकेने दार किलकिले होते, सताड उघडत नाही. २०२३ च्या १५ ऑगस्टला गौरी सावंत ह्यांच्या जीवनावरची 'ताली' ही वेबमालिका आली. दिग्दर्शक रवी जाधव, लेखक क्षितिज पटवर्धन, दोघेही मराठी. कथा मराठी कन्येची. मध्यवर्ती भूमिका मात्र सुश्मिता सेन ह्यांना मिळाली. त्यांनी काम मनापासून केले, ह्यात शंका नाही. ती भूमिका एखाद्या पुरुषाला दिली नाही, हेही एक पाऊल पुढेच पडले. तरी ज्या बाईने आपल्या माणसांसाठी आयुष्य वेचले, तिच्या आयुष्याच्या कथेतही तिच्या समाजातली अभिनेत्री मध्यभागी उभी राहू शकली नाही, हे शल्य उरतेच. टाळी त्यांची, बिदागी दुसऱ्याची!

इथे माझे सुज्ञ वाचक आक्षेप घेतील. ते एकेक करून तपासू.

पहिला आक्षेप: 'अभिनय म्हणजेच परकायाप्रवेश. खुनी माणसाची भूमिका करायला खुनी कशाला हवा? मग तृतीयपंथी भूमिकेला तृतीयपंथीच हवा, हा हट्ट का?' आक्षेप वरवर बिनतोड वाटतो. परंतु परकायाप्रवेशाचा नियम दोन्ही बाजूंनी चालत असेल तरच तो नियम. पुरुष नट तृतीयपंथी होऊ शकतो, नटी तृतीयपंथी होऊ शकते. तृतीयपंथी अभिनेत्रीला मात्र डॉक्टरीण, शिक्षिका, सरपंचबाई, नायकाची बहीण ह्या भूमिका कोण देतो? तिच्यासाठी सर्व दारे बंद, आणि जे एक दार तिच्या नावाचे, त्यातूनही दुसराच आत जाणार! ज्या दिवशी तिला कोणतीही भूमिका मिळू लागेल, त्या दिवशी तिची भूमिका कोणीही करावी. मी तक्रार करणार नाही. खुन्याचा दाखला इथे लागू पडत नाही, कारण खुनी हा आपल्या कृत्याने खुनी होतो. तृतीयपंथी माणूस कोणते कृत्य करून तृतीयपंथी झालेला नसतो.

दुसरा आक्षेप: 'त्यांच्यात तेवढ्या तयारीचे कलावंत आहेत कुठे?' हा आक्षेप ऐकला, की मला १९१३ साल आठवते. दादासाहेब फाळक्यांना 'राजा हरिश्चंद्र' काढताना तारामतीसाठी स्त्री मिळेना. शेवटी अण्णा साळुंके ह्या खानावळीतल्या आचाऱ्याला तारामती करावे लागले. पण फाळके तिथे थांबले नाहीत. त्याच वर्षी 'मोहिनी भस्मासुर'मध्ये दुर्गाबाई कामत पार्वती झाल्या आणि त्यांची कन्या कमलाबाई मोहिनी झाली. मराठी रंगभूमीवर १९३३ साली 'आंधळ्यांची शाळा'मध्ये स्त्रियांच्या भूमिका स्त्रियांनीच केल्या. 'तयारीच्या स्त्रिया नाहीत, पुरुषच त्या भूमिका उत्तम करतात' म्हणणारे त्या काळीही होतेच. त्यांचे ऐकले असते, तर पुढच्या पिढ्यांतल्या थोर अभिनेत्री आपल्याला दिसल्या असत्या का? तयारी अगोदर आणि संधी नंतर, असे जगात कोठे घडत नाही. संधी मिळाली, तिथे तयारी दिसलीच आहे. २०१९ साली प्रदर्शित झालेल्या 'पेरन्बु' ह्या तमिळ चित्रपटात अंजली अमीर मामुट्टींसमोर उभ्या राहिल्या. २०२० च्या 'पाताल लोक'मध्ये मणिपूरच्या मैरेम्बम रोनाल्डो सिंग ह्यांनी 'चीनी' साकारली आणि समीक्षकांनी तिची दखल घेतली. 'अंतरम्' ह्या मल्याळम चित्रपटातील भूमिकेसाठी नेघा ह्यांना केरळ शासनाने पुरस्कार दिला. चिली देशातल्या डॅनिएला वेगा ह्यांच्या मध्यवर्ती भूमिकेचा चित्रपट २०१८ साली परदेशी भाषेतील सर्वोत्तम चित्रपट म्हणून ऑस्करचा मानकरी ठरला. मराठी मातीच तेवढी नापीक आहे, असे कोणी म्हणू नये.

तिसरा आक्षेप आपल्या घरातला आहे आणि तो मी टाळणार नाही. 'फादर, ख्रिस्तसभेची शिकवण ह्याविषयी स्पष्ट आहे; मग आपण हे काय लिहिता?' शिकवण मला ठाऊक आहे आणि ती मी पाळतो. २०२४ च्या एप्रिलमध्ये व्हॅटिकनने मानवी प्रतिष्ठेवर जो दस्तऐवज काढला, त्यात लिंगबदलाविषयी आणि लिंगभावाच्या आधुनिक सिद्धांताविषयी परखड असहमती आहे. परंतु त्याच दस्तऐवजाचा पाया असा, की प्रत्येक मानवाची प्रतिष्ठा अमर्याद आहे आणि कोणत्याही परिस्थितीत ती त्याच्याकडून हिरावून घेता येत नाही. २०२३ साली दिवंगत पोप फ्रान्सिस ह्यांच्या संमतीने आलेल्या उत्तरात सांगितले गेले, की अशा व्यक्तीला, त्यामुळे लोकांत संभ्रम वा गैरसमज पसरण्याचा धोका नसल्यास, इतर भाविकांप्रमाणेच बाप्तिस्मा घेता येतो. शस्त्रक्रियेविषयी मतभेद असणे वेगळे आणि माणसाची टिंगल करण्याचा परवाना मिळणे वेगळे. असा परवाना मला कोणत्याही विश्वपत्रात सापडलेला नाही. उलट, प्रेषितांची कृत्ये वाचताना मला भेटतो तो इथिओपियाचा षंढ. फिलिप त्याच्या रथात चढून बसला, त्याच्या प्रश्नाला उत्तर दिले आणि वाटेत पाणी दिसताच त्याला बाप्तिस्मा दिला. आम्ही मात्र त्याला नाताळच्या नाटिकेत हशासाठी उभा केला.

चौथा आक्षेप मुलांचा: 'मुलांच्या मनावर काय परिणाम होईल?' माझा प्रतिप्रश्न असा, की आज कोणता परिणाम होत आहे? आमच्या सभागृहात त्या रात्री जी लहान मुले पोट धरून हसली, त्यांना आपण शिकवले, की एका प्रकारच्या माणसाला हसणे हा सण साजरा करण्याचा भाग आहे. २०११ च्या जनगणनेत स्त्री वा पुरुष ह्याऐवजी 'इतर' म्हणून नोंदवले गेलेले ४,८७,८०३ लोक ह्या देशात होते, महाराष्ट्रात ४०,८९१. हे सारे कोणाच्या ना कोणाच्या पोटी, कोणत्या ना कोणत्या आळीत जन्मले. त्यांतले एखादे मूल उद्या आपल्याच बाकावर, आपल्याच धर्मशिक्षणाच्या वर्गात बसलेले असेल. त्याने त्या हशातून काय शिकावे?

वाचकहो, हे सारे आपल्याला परके वाटत असेल, तर शेवटी आपल्याच घरची गोष्ट सांगतो. हिंदी पडद्यावर ख्रिस्ती माणूस कसा दिसत आला? नाचगृहातली रोझी, तोकड्या कपड्यांतली मोना आणि बाटली हाती घेतलेला डिसोझा. १९७७ च्या 'अमर अकबर अँथनी'तला लाडका अँथनी आठवा. तोही दारूचा गुत्ताच चालवतो. आपण हसलो, पण आत कुठे तरी टोचत राहिले. धाराशिव, कळंब, तुळजापूर ह्या तालुक्यांतला ज्वारीची भाकरी खाणारा, मराठीत प्रार्थना करणारा, रानात राबणारा ख्रिस्ती माणूस तर त्या पडद्यावर कधी फिरकलाच नाही. आपल्याविषयी न विचारता आपले चित्र रंगवले जाते तेव्हा काय वाटते, हे आपल्याला कोणी समजावून सांगायला नको.

आणखी एक आठवण. ९३ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन आपल्या गावी, तेव्हाच्या उस्मानाबादेत, भरले. अध्यक्ष होते फादर फ्रान्सिस दिब्रिटो. 'एक ख्रिस्ती धर्मगुरू मराठी सारस्वतांचा अध्यक्ष कसा?' अशी ओरड त्या वेळी काहींनी केली. आपण दुखावलो. आपण म्हणालो, की भाषा आमचीही आहे आणि आमच्यासाठी बोलायला आम्हीच समर्थ आहोत. संमेलनाचा पहिला दिवस होता १० जानेवारी २०२०. तृतीयपंथीयांच्या हक्कांचा कायदा देशात अमलात आला तो दिवसही १० जानेवारी २०२० हाच. त्या दिवशी मंडपात बसून मी टाळ्या वाजवल्या. दुसऱ्या घटनेची मला वार्ताही नव्हती. जे न्याय्य मागणे आपण स्वतःसाठी मागितले, तेच दुसरा मागू लागला, तर त्याला 'मनाला लावून घेऊ नये' म्हणण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला?

आपल्या जिल्ह्यातल्या तेरच्या गोरोबाकाकांची कथा सर्वांना माहीत आहे. संतमंडळीत बसून त्यांनी थापटण्याने एकेकाचे डोके ठोकून पाहिले, कोणते मडके पक्के आणि कोणते कच्चे. गेल्या नाताळात एका माउलीने एका वाक्याने माझे मडके ठोकले. ते कच्चे निघाले. धर्मगुरूपदाची इतकी वर्षे आणि सेमिनरीतले शिक्षण त्या आवाजात लपले नाही.

म्हणून माझे मागणे दोन ठिकाणी आहे. मराठी निर्माते-दिग्दर्शकांकडे: तुमच्या पुढच्या कथेत तृतीयपंथी पात्र असेल, तर प्रथम त्या समाजातल्या कलावंतांना चाचणीसाठी बोलवा, आणि पात्र तृतीयपंथी नसले, तरीही बोलवा. आणि माझ्या धर्मग्रामातल्या कुटुंबांकडे: येत्या नाताळाच्या नाटिकेत बाजाराचा प्रवेश जरूर ठेवा, पण टाळीची नक्कल त्यात नको. तालीम सुरू होण्यापूर्वी संहिता मी स्वतः वाचणार आहे. ज्येष्ठ सभासदांना माझे म्हणणे पटले नसल्यास त्यांनी ह्याच अंकाच्या पानांवर उत्तर द्यावे. मी त्याचे स्वागतच करीन.

त्या माउलीच्या घरी मी जाऊन आलो. क्षमा मागितली. निघताना तिने कोनाड्यातून एक फोटो काढून दाखवला. पुण्यातल्या कोणत्याशा कार्यक्रमात रंगमंचावर नाचणारे तिचे लेकरू. "चांगली नाचती का हो, फादर?" तिने विचारले. सहा वर्षांत त्या घरात 'नाचतो' ऐवजी 'नाचती' हा शब्द कधी आला, हे मी विचारले नाही. चांगली नाचते, एवढेच म्हणालो. येत्या नाताळाला तिला घरी बोलवा, असेही सांगितले. ती आली, तर सभागृहात तिने कोणत्या रांगेत बसावे, हे आता आपल्याला ठरवायचे आहे.